एक छोटा बीप

माझे अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेलं घड्याळ ते लगेच गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत. रात्रभर दुकानातच ठेवत. म्हणत, "चालू झालं म्हणजे बरं झालं असं नाही."

गेल्या वर्षी आमच्या जुन्या संगणकाने मला हे वाक्य आठवायला लावलं. वीस वर्षांच्या कविता त्यात आणि दुसरी प्रत कुठेच नाही! एके सकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच. पोटात गोळाच आला. मुलगी म्हणाली, "अब्बू, आधी गाडी कुठल्या स्टेशनावर अडलीय ते बघू."

मंडळी, बटण दाबताच संगणक कामाला लागत नाही. आधी स्वतःची तपासणी करतो. तिला 'पोस्ट' म्हणतात. तिचा छोटासा प्रोग्राम आत एका चिपमध्ये असतो. जुन्या यंत्रांत तो 'बायॉस', नव्यांत 'यूईएफआय'. प्रोसेसर, मेमरी, पडद्याला चित्र पुरवणारा भाग यांची तो हजेरी घेतो. 1981 साली आलेल्या आयबीएमच्या पीसीत सगळं ठीक असलं की एक छोटा बीप वाजे. दोष असेल तर वेगळे बीप. कारण पडदाच बंद असेल तर तक्रार सांगायची कशी? बीपचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून पुस्तिका पाहावी. अनेक नव्या यंत्रांत बीपऐवजी दिवे असतात.

हजेरी संपली की डिस्कवरच्या विंडोज किंवा लिनक्सला हाक जाते. म्हणून खुणा लक्षात ठेवाव्यात. पडद्यावर काहीच नाही, तर दोष बहुधा पहिल्या टप्प्यात. कंपनीचं चिन्ह येऊन डिस्क सापडत नसल्याचा निरोप आला, तर डिस्क पाहावी. कधी विसरून लावलेला पेन ड्राइव्हही आडवा येतो. विंडोजचं चिन्ह येऊन गाडी थांबली, तर दोष बहुधा पुढचा.

आमच्याकडे बीप वाजत होते. पुस्तिकेप्रमाणे दोष मेमरीचा. मुलीने वीज तोडली, मेमरीची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवली. एकच बीप आला, पडदा उजळला. पण तारीख कित्येक वर्षं मागची! वीज नसताना आतलं घड्याळ चालवणारा तीन व्होल्टचा बटणसेल संपला होता. तारीख चुकली की अनेक वेबसाइट उघडताना धोक्याची सूचना येते. सेल बदलला.

आणखी एक गोष्ट. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, 'शट डाउन' केल्यावर बऱ्याच यंत्रांत प्रणालीचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. नव्याने सुरुवात तपासायची तर 'रीस्टार्ट' करावं.

त्या दिवशी मी आधी सगळ्या कविता पेन ड्राइव्हवर उतरवल्या, मग चहा घेतला. संगणक रात्रभर बंद ठेवला. सकाळी बटण दाबून कान देऊन उभा राहिलो. बीप एकच आला. तारीखही त्याच दिवसाची होती.