दगडाच्या रंगाचं रोप

नैर्ऋत्य चीनमधल्या हेंगदुआन पर्वतांत झाडझाडोरा संपतो, तिथून वर नुसत्या दगडगोट्यांचे उतार लागतात. त्या खडीतून फ्रिटिलारिया डेलावाई ही लिली कुळातली वनस्पती डोकं वर काढते. बुटकं रोप, मोजकीच पानं. रोप पाच वर्षांचं झाल्यावर कुठे घंटेसारखं फूल येतं. पानांचा रंग मात्र सगळीकडे सारखा नाही. काही उतारांवर ती हिरवीगार, तर काहींवर करडी, तपकिरी, अगदी शेजारच्या दगडासारखी. अशा ठिकाणी रोप पायाशी असूनही दिसत नाही.

लपायचं ते चरणाऱ्या जनावरांपासून, असंच कुणालाही वाटेल. खुनमिंगची वनस्पतिशास्त्र संस्था आणि ब्रिटनचं एक्सेटर विद्यापीठ इथल्या संशोधकांचाही आधी तोच कयास होता. पण पानं कुरतडल्याच्या खुणा काही सापडेनात. मग संशय माणसावर गेला. या वनस्पतीचे कंद चिनी वैद्यकात खोकल्यावर दोन हजार वर्षांपासून वापरले जातात. कंद इतके बारके की किलोभर व्हायला साडेतीन हजारांहून जास्त लागतात. आणि कंद उपटला की रोपच संपलं.

संशोधकांनी कुठून किती माल निघतो हे स्थानिक लोकांना विचारलं, कुठे खणणं किती जड जातं तेही पाहिलं. जिथे उपसा जास्त, तिथली रोपं दगडांत बेमालूम मिसळलेली. जिथे कंद दगडांच्या राशीत रुतलेला, तिथे ती बिनधास्त हिरवी. संगणकाच्या पडद्यावर लोकांना रोपं शोधायला लावली, तेव्हाही दगडी रंगाची रोपं सापडायला वेळ लागला. 2020 मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या विज्ञानपत्रिकेत हे संशोधन प्रसिद्ध झालं.

‘रोप हुशार झालं’ असं म्हणायचा मोह होतो, पण रोपाने काहीच ठरवलेलं नाही. आपला शेतकरी चांगलं कणीस बियाण्याला राखून ठेवतो. इथे नजरेत भरणारं आधी पोत्यात जातं आणि बी धरायला उरतं ते न दिसलेलं.

अर्थात अशी निवड व्हायला रोपांच्या रंगांत मुळात फरक हवा आणि खणणारे परतल्यावर मागे काही उरायलाही हवं. प्रत्येक वनस्पतीला ही सवड मिळतेच असं नाही. आपल्या हिमालयातली लिलियम पॉलिफायलम, च्यवनप्राशाच्या अष्टवर्गात क्षीरकाकोली म्हणून वापरतात ती, याच लिली कुळातली. तिचाही कंदच उपटतात, आणि ती आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे.