वर्गातला प्रयोग, शेतातली पेरणी



बी कसं उगवतं हा धडा मुलं शाळेत शिकतात. वाटीत ओल्या कापसावर मटकी ठेवायची, मोड आले की प्रयोग संपला. यंदा एप्रिलात, शाळेला सुट्टी लागायच्या आत, हाच प्रयोग घरच्या सोयाबीन बियाण्यावर करून बघा. सोयाबीनचं बी फार नाजूक. साल पातळ, अंकुर सालीला अगदी लागून. मळणीयंत्र जोरात फिरलं किंवा पोतं उंचावरून आदळलं, की दाणा दिसायला चांगला, पण उगवत नाही.

पोत्यातून मूठभर बी वरून, मधून, तळातून घ्या. त्यातले १०० दाणे मोजा, निवडून मात्र घेऊ नका. ओलं गोणपाट पिळून पसरा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट घाला आणि सुरळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सोयाबीन आधी भिजत घालू नका, एकदम पाणी प्यायलं की बी खराब होतं. सात दिवसांनी सुरळी उघडून, ज्याचं मूळ आणि कोंब दोन्ही धड आहेत तेवढेच दाणे मोजा. नुसते फुगलेले, कुजलेले सोडून द्या.

७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बी पुरे. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. एका मुलीचे ६२ भरले. वडील म्हणाले, "पोरीनं मोजायला चूक केली असंल." त्यांनी स्वतः पुन्हा लावलं, ६१ निघाले! म्हणजे एकरी साडेचौतीस किलो. हे पेरणीनंतर कळलं असतं तर दुबार पेरणीचा खर्च आला असता. ६० च्या खाली गेलं तर ते बी पेरूच नका, दुसरं बघा.

दुसरा प्रयोग काचेच्या बरणीतला. बरणीत माती भरा. काचेला चिकटून एक दाणा दीड इंचावर, दुसरा चार इंच खोल लावा. बाहेरून काळा कागद गुंडाळा, बघण्यापुरता काढा. आधी मूळ खाली जातं. मग कोंब मान वाकवून दोन्ही डाळिंब्या ओढत वर येतो. खोल दाण्याची ताकद वाटेतच संपते, वर पापुद्रा धरला असेल तर मान मोडते. म्हणून पाभर दीड-दोन इंचाच्या खाली जाऊ द्यायची नाही. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पाभर धरायचीच नाही.

जाता जाता एक सांगतो. बाजारातलं रंगीत बी प्रयोगाला घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. पोरांचे हात तोंडात जातात, बरं का.