रस्ता नाही तिथं भाव नाही



तुमच्या गावच्या शाळेत महाराष्ट्राचा नकाशा टांगलेला असेल, तर त्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला बोट ठेवा. वर वडसा, खाली सिरोंचा आणि मधे सगळा हिरवा रंग. हा गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून तो वेगळा झाला. विस्तार चौदा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. पण २०११च्या जनगणनेत लोकसंख्या भरली अवघी १० लाख ७३ हजारांच्या आसपास. पश्चिमेला वैनगंगा आणि प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, आग्नेयेला इंद्रावती. नद्यांनी वेढलेला हा मुलूख आहे.

हा जिल्हा मागासलेला का, असं विचारलं की लोक चटकन सांगतात, तिथं उद्योगधंदा नाही म्हणून. मग उद्योगधंदा का नाही? माल नाही म्हणावं, तर धान आहे, बांबू आहे, तेंदूची पानं आहेत, मोह आहे, चारोळी आहे, आणि डोंगरात लोखंडाचं खनिज आहे. माल भरपूर आहे. तो बाहेर न्यायला धड वाट नाही, ही खरी गोष्ट.

रस्ता खराब असला म्हणजे प्रवाशाची हाडं खिळखिळी होतात, एवढंच आपल्याला दिसतं. पण त्याची खरी किंमत माल विकणारा देतो, आणि ती कुठल्याही पावतीवर लिहिलेली नसते. हे कसं, ते एका हिशेबानं पाहू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. शिक्षकांनी ते खुशाल फळ्यावर मांडावेत.

समजा, शहरात मोहफुलांना किलोला चाळीस रुपये भाव आहे. एक गाव सडकेला लागून आहे. तिथं मालमोटार थेट दारात येते. वाहतूक आणि हमाली चार रुपये, व्यापाऱ्याचा नफा चार रुपये; वेचणाऱ्या बाईच्या हाती बत्तीस पडतात. दुसरं गाव दोन नाल्यांच्या पलीकडे. तिथून माल आधी डोक्यावर, मग ट्रॅक्टरवर सडकेपर्यंत आणायचा, त्याचे आणखी पाच. वाटेत भिजून, सांडून नासाडी होते, तिचे चार. मधे आणखी एक दलाल येतो, त्याचे चार. तिच्या हाती उरले एकोणीस. झाड तेच, फूल तेच आणि मेहनतही तीच. तेरा रुपये वाटेनं खाल्ले.

यात व्यापाऱ्याला शिव्या देणं सोपं आहे. पण जिथं चार व्यापारी पोचतात, तिथं ते एकमेकांवर चढाओढ करून भाव वाढवतात. वाट अवघड असली की एकच येतो, आणि एकटा आलेला माणूस मागेल त्या भावानं घेतो. शिवाय गावात माल साठवायला कोरडं गोदाम नसतं. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये वेचलेला मोह तेव्हाच, मिळेल त्या भावानं आठवडी बाजारात जातो, आणि पावसाळ्यात घरी खायला लागला की तोच चढ्या भावानं परत घ्यावा लागतो. आपणच विकायचं आणि आपणच महाग घ्यायचं!

तेंदूपानांचं तर याहून नाजूक. हंगाम एप्रिल-मेचा, मोजक्या दिवसांचा. सत्तर पानांचा एक पुडा बांधून तो फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, उन्हात वाळवायचा. वळवाचा पाऊस आला की पान खराब. पावसाळ्याआधी सगळा माल गोदामात पोचलाच पाहिजे. लिलावात बोली लावणारा ठेकेदार हे सारं मनात धरतो. मोटार जाईल का, नाल्यावर रपटा शाबूत आहे का, हे विचारूनच तो आकडा बोलतो. ग्रामसभेला हक्क मिळाला तरी बोलीत रस्त्याची उणीव वजा होतेच.

आता पावसाळ्याकडे वळू. भामरागड हे तालुक्याचं गाव पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमापाशी आहे. पर्लकोटेवरचा जुना पूल ठेंगणा. जोराचा पाऊस झाला की पाणी पुलावरून जाई आणि तालुक्याचा संबंध तुटे. २०१९ साली तर पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं. अशा ठिकाणी दुकान चालवायचं म्हणजे काय, याचा विचार करा. मृग लागण्याआधी मीठ, तेल, साखर, साबण, सारं भरून ठेवायचं. त्यासाठी कर्ज काढायचं आणि माल खपेपर्यंत व्याज भरायचं. ते व्याज शेवटी मिठाच्या भावात चढतं. सरकारलाही हे चुकलेलं नाही. नवसंजीवन योजनेखाली दुर्गम गावांना पावसाळ्याचं रेशनचं धान्य आधीच पोचवून ठेवावं लागतं.

आगगाडीचं म्हणाल, तर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वडसा हे एकच स्टेशन. तिथून गडचिरोलीपर्यंत सुमारे ५२ किलोमीटर लोहमार्ग घालायचं ठरलं. पण २०२५ साल उजाडलं तरी जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी पोचलेली नव्हती. सिरोंचा तर तिथूनही दोनशे किलोमीटरच्या आसपास पुढे.

याला दुसरीही बाजू आहे, आणि ती लपवून चालणार नाही. ती भीतीची. १९८०च्या सुमारास नक्षलवादी या जंगलात शिरले. रस्ता झाला की पोलीस येणार, म्हणून रस्त्याचं काम हे त्यांचं पहिलं लक्ष्य. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली गेली, आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक मारले गेले. अशा जागी निविदा कोण भरणार? भरलीच तर धोक्याची रक्कम आत धरून. म्हणजे काम महाग आणि अर्धवट. रस्ता नाही म्हणून शासन पोचत नाही, शासन पोचत नाही म्हणून भीती जात नाही, आणि भीती आहे म्हणून रस्ता होत नाही.

हा फेरा अलीकडे सैल होऊ लागला आहे. १ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यात गर्देवाड्याच्या बाजूला एस. टी. सुरू झाली, मुख्यमंत्री स्वतः तीत बसले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा भूपती हा मोठा पुढारी सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला.

पण रस्ता झाला म्हणजे तो गावाचा झाला, असं समजू नये. सूरजागडच्या डोंगरात खनिज काढलं जातं. २०१६च्या डिसेंबरात तिथली पंचाहत्तरहून अधिक वाहनं नक्षलवाद्यांनी जाळली. पुढे खाण जोरात चालू झाली, आणि एटापल्ली-आलापल्लीच्या वाटेवर जड मालमोटारींची रीघ लागली. रस्त्यात खड्डे पडले, अपघात झाले, लोकांनी तक्रारी केल्या. खनिजाची गाडी डोंगरातून निघून थेट बाहेर जाते. गावकऱ्याची वाट मात्र गावातून आठवडी बाजाराला आणि दवाखान्याला जाते. या दोन वाटा एक नव्हेत. “सडक कुणासाठी?” असं तिथला माणूस विचारतो, तेव्हा तो प्रगतीच्या आड येतो असं म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

धानोऱ्याजवळच्या मेंढा-लेखा गावाची गोष्ट पाहा. २००९ साली या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना वनखात्याच्या हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केलं. मग गावानं स्वतः बांबू विकला. अर्थात मेंढा तालुक्याच्या ठिकाणापासून जवळ आहे, मोटार तिथपर्यंत जाते. बांबू वजनाला हलका पण जागा अडवणारा; मोटार भरून जाते तरी वजन थोडंच असतं. म्हणून भाड्याचा भार त्याच्यावर फार पडतो. असाच हक्क आतल्या गावाला मिळाला आणि मोटार पोचत नसेल, तर कागद हाती येतो, पैसा येत नाही.

जंगलातून सडक न्यायची तर १९८०च्या कायद्यानुसार केंद्राची परवानगी लागते, आणि तिला वर्षं लागतात. पण २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३, पोटकलम २ मध्ये एक सोय आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. शाळा, दवाखाना, रास्त भावाचं दुकान, वीज व टेलिफोनच्या तारा, पिण्याचं पाणी, रस्ता अशा तेरा कामांसाठी दर कामाला एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. अट अशी, की हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तीन मीटर रुंदीचा रस्ता धरला, तर सव्वातीन किलोमीटरांहून थोडी जास्त लांबी होते. कित्येक पाड्यांना सडकेशी जोडायला एवढी पुरते. त्या तेरांच्या यादीत गोदाम मात्र नाही, ही मोठीच उणीव म्हणायची. ठराव मराठीत, साध्या शब्दांत लिहावा. कोणत्या नाल्यापासून कुठपर्यंत, किती लांबी, किती झाडं, हे त्यात नोंदावं. गावात शिक्षक असतील तर हे लिखाण त्यांनी करून द्यावं. मोजणीला वरच्या वर्गातली मुलंही टेप धरू शकतील.