औषध चुकलं की बोट सिस्टरकडेच का?

चुकीचं इंजेक्शन गेलं की वॉर्डात पहिला प्रश्न येतो, 'ड्यूटीवर कोण होतं?' औषध लिहितात डॉक्टर, देतो फार्मसीवाला. पण रुग्णाला टोचते ती परिचारिका. म्हणून चूक तिचीच, हा समज पक्का.

बोस्टनमधल्या दोन मोठ्या रुग्णालयांतल्या अशा चुकांचा अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या 39 टक्के चुका औषध लिहून देतानाच झाल्या होत्या आणि 38 टक्के ते रुग्णाला देताना. म्हणजे जवळपास बरोबरी. खरी गोम पुढे आहे. लिहिण्यातल्या चुकांपैकी 48 टक्के रुग्णापर्यंत पोचण्याआधी पकडल्या गेल्या, त्याही बहुतेक परिचारिकांनीच. देतानाच्या चुका पकडल्या गेल्या फक्त 2 टक्के. तिच्यापुढे तपासायला कुणी उरलेलंच नसतं.

'नवख्या मुली चुकतात, जुन्या सिस्टरचा हात बसलेला असतो' हेही आपण सहज बोलून जातो. सिडनीच्या दोन रुग्णालयांत संशोधकांनी 98 परिचारिकांना प्रत्यक्ष काम करताना पाहिलं. औषध देण्याच्या 4271 वेळा नोंदवल्या. डोस किंवा औषध चुकण्यापासून अनुभवानं काहीही संरक्षण मिळत नव्हतं. उलट, ओळख पटवणं, नोंद करणं असल्या पायऱ्या गाळण्याचं प्रमाण अनुभवी परिचारिकांमध्ये जास्त दिसलं. (हात बसला की डोळा सैलावतो, असं माझं मत.) औषध देण्याच्या निम्म्याहून अधिक वेळा मध्येच व्यत्यय आला होता, आणि दर व्यत्ययागणिक चुकीची शक्यता सुमारे 12 टक्क्यांनी वाढत होती. सिरिंज भरत असलेल्या परिचारिकेला 'सिस्टर, सलाईन संपलं हो!' अशी हाक मारताना आपण नातेवाईक हे लक्षात घेत नाही. आपलंही चुकत नाही म्हणा. दुसरं विचारायचं कुणाला? पुढे सिडनीतच परिचारिकांना 'व्यत्यय आणू नका' असं लिहिलेली जाकिटं घालून पाहिली. व्यत्यय कमी झाले, पण जाकिटात उकडतं आणि ती गैरसोयीची होतात, अशी परिचारिकांची तक्रार.

यंत्र आणलं की प्रश्न मिटतो? बोस्टनच्याच एका रुग्णालयात बारकोड आल्यावर वेळेच्या चुका सोडून बाकीच्या चुका 11.5 वरून 6.8 टक्क्यांवर आल्या. फायदा मोठा आहे, पण चुका शून्यावर आल्या नाहीत. अमेरिकेतल्याच नॅशव्हिलमध्ये डिसेंबर 2017 मध्ये स्कॅनच्या आधी एका वृद्ध रुग्णाला शांत करण्यासाठी 'व्हर्सेड' द्यायचं होतं. परिचारिका रॅडोन्डा व्हॉट हिनं औषधांच्या स्वयंचलित कपाटात नावाची पहिली दोनच अक्षरं टाकली. कपाट शोधत होतं मूळ नावानं, ब्रँडच्या नावानं नाही. व्हर्सेड सापडलं नाही, तेव्हा यंत्राची अडवणूक ओलांडायची सोय वापरून तिनं औषध काढलं. निघालं व्हेक्युरोनियम, म्हणजे स्नायू लुळे पाडून श्वास थांबवणारं औषध. झाकणावर धोक्याची सूचना होती. व्हर्सेड द्रव असतं, ही पावडर कालवावी लागत होती. तिथेही ती थबकली नाही. स्कॅन विभागात बारकोड तपासायची सोय नव्हती. रुग्ण दगावला. अडवणूक ओलांडणं तेव्हा तिथे रोजचंच होतं, असं तिनं सांगितलं. मार्च 2022 मध्ये ती फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरली आणि तुरुंगाऐवजी 3 वर्षांची देखरेख मिळाली.

तिचा निष्काळजीपणा नाकारता येत नाही. पण 'शिक्षा झाली की बाकीच्या सावध होतील' हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. तिनं चूक लगेच कबूल केली होती. शिक्षेच्या धास्तीनं पहिल्यांदा बंद होतं ते हेच सांगणं. आणि थोडक्यात टळलेली चूक कुणी सांगितलीच नाही, तर ती दुसऱ्या पाळीत पुन्हा घडते.

मग शिक्षेऐवजी काय लागू पडतं? पोटॅशियम क्लोराइडचं उदाहरण घ्या. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं, आणि दिसायला अँप्युल इतर अँप्युलसारखंच. 'नीट वाचा' अशी परिपत्रकं काढण्यापेक्षा साधा उपाय लागू पडला: हे तीव्र द्रावण साध्या वॉर्डाच्या साठ्यातून काढायचं आणि फार्मसीतून पातळ केलेलंच मागवायचं. रात्री तीनला दमलेल्या सिस्टरनं ट्रॉलीत हात घातला, तरी ते अँप्युल तिथे नसतं.