परदेशी रुईची चौकशी आणि कास्तकाराची हिशेबवही

सन 2025 च्या मृगात राळेगाव तालुक्याच्या काळ्या रानांत सरकी लावली गेली, तेव्हा परदेशी रुईवर शेकडा 11 आयात जकात चालू होती. पऱ्हाटी पात्याफुलांवर आली असता, ऑगस्टच्या 19 तारखेपासून ती जकात सप्टेंबरअखेरपर्यंत माफ झाली; आणि 28 ऑगस्टला ही माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढविल्याचे जाहीर झाले. सीतादही करून पहिली वेचणी सुरू व्हावी, दिवाळीच्या देण्यांसाठी कापूस बाजार समितीच्या आवारात न्यावा, आणि त्याच महिन्यांत बंदरावर रुई बिनजकात उतरावी, असा योग जुळून आला. पेरताना जो बाजार गृहीत धरला तो वेचताना राहिला नाही. अशा वेळी कास्तकार साहजिकच विचारतो की, जकात काढण्यापूर्वी आमचा विचार घेतला काय? आणि परदेशी मालाविरुद्ध आम्ही दाद मागावी ती कोठे? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे निरनिराळी आहेत, आणि दोन्ही आमच्या वाचकांनी नीट समजून घेणे अवश्य आहे.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. सन 1962 च्या कस्टम्स कायद्याच्या 25 व्या कलमाने सार्वजनिक हितासाठी जकात माफ करण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारास दिला आहे. त्यास एक अधिसूचना पुरते. साक्षीपुरावे घेण्याचे बंधन नाही. रुईवरील ही जकात 2 फेब्रुवारी 2021 रोजी बसली ती मुळात अंदाजपत्रकातील ठरावाने: 5 टक्के मूळ जकात, 5 टक्के कृषी अधिभार आणि ह्या दोहोंवर दहावा हिस्सा समाजकल्याण अधिभार. सन 2022 मध्ये ती एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर माफ होती. गिरणीवाल्यांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. कच्चा माल महाग पडला तर परदेशांतील कापडापुढे आमचा टिकाव लागत नाही, असे ते म्हणतात. आणि गिरणी बंद पडली तर आमचा कापूस तरी कोण घेणार? परंतु गिरणीची अडचण जशी मांडली जाते, तशी कास्तकाराची मांडली जात नाही, हेच आमचे दुखणे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विस्ताराने देणे प्राप्त आहे. परदेशी मालाची रीतसर चौकशी करणारे खाते म्हणजे वाणिज्य मंत्रालयाखालील व्यापार उपाय महासंचालनालय होय. त्यास हे स्वरूप सन 2018 मध्ये मिळाले. सन 1975 च्या कस्टम्स टॅरिफ कायद्यान्वये चौकशी मुख्यत्वे तीन प्रकारची असते. परदेशी व्यापारी स्वदेशातील भावाहून कमी भावाने माल इकडे लोटीत असेल तर डंपिंगविरोधी जकात. परदेशी सरकार आपल्या मालास अनुदान देत असेल तर ते भरून काढणारी प्रतिजकात. आणि कोणाचा दोष नसतानाही आयात एकाएकी वाढून येथील धंद्याची गंभीर हानी होत असेल तर संरक्षक जकात.

डंपिंगची चौकशी कशी चालते ते पाहू. अर्जास पाठिंबा देणारे उत्पादक देशातील एकूण उत्पादनाच्या निदान चौथ्या हिश्श्याचे धनी असावे लागतात, आणि त्यांचे उत्पादन विरोध करणाऱ्यांच्या उत्पादनाहून अधिक असावे लागते. अर्जात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: माल पडेल भावाने आला, येथील उत्पादकाची हानी झाली, आणि ती हानी त्या मालामुळेच झाली. भावांतील फरक 2 टक्क्यांहून कमी असल्यास चौकशी सोडून दिली जाते. अर्ज ग्राह्य ठरल्यास जाहीर सूचना निघते. आयात करणारे, परदेशी विक्रेते आणि माल वापरणारे ह्या सर्वांस बाजू मांडण्यास संधी मिळते. अंतिम निष्कर्ष एका वर्षाच्या आत द्यावयाचा असतो. ही मुदत आणखी सहा महिने वाढू शकते. महासंचालनालय केवळ शिफारस करते. जकात बसविणे न बसविणे अर्थखात्याच्या हाती. बसलीच तर ती पाच वर्षांपर्यंत चालते व पुनर्विचारानंतर वाढू शकते. ताग गिरण्यांच्या संघाने ह्याच वाटेने जाऊन बांगलादेश व नेपाळ येथील तागाच्या मालावर जानेवारी 2017 मध्ये जकात बसवून घेतली.

गिरण्यांच्या संघास जे साधले ते कास्तकारास साधेल काय? येथे खरी गाठ आहे. बंदरावर उतरते ती रुई. आपण विकतो तो कापूस. सरकी वेगळी होऊन गाठ बांधली जाते ती जिनिंगमध्ये. मग रुईचा उत्पादक कोण? न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांनी अमेरिकेविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत नेलेल्या कोकराच्या मांसाच्या वादात सन 2001 मध्ये निर्णय झाला की, जिवंत कोकरे वाढविणारा हा मांसाचा उत्पादक नव्हे. तो वाद संरक्षक जकातीचा होता, आणि आपल्याकडे तोच अर्थ लावला जाईल असे नाही. परंतु प्रतिपक्षाचा वकील हा मुद्दा प्रथम पुढे करील ह्यात शंका नाही. दुसरी अडचण हमीभावाची. सन 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलला 7,710 व लांब धाग्यास 8,110 रुपये ठरले. हमीभाव असता हानी कसली, असे विचारले जाईल. त्यास उत्तर असे की, ओलावा 12 टक्क्यांवर गेलेला कापूस हमीभावाने घेतला जात नाही, आणि ज्यास सावकाराचे देणे आहे त्यास खरेदी केंद्राची वाट पाहण्याइतकी उसंत नसते. परंतु हे उत्तर कागदावर दाखविता आले पाहिजे.

मागील काळी काय घडले तेही पाहावे. टॅरिफ बोर्डाच्या चौकशीनंतर सन 1932 मध्ये साखरेच्या धंद्यास संरक्षण मिळाले, आणि पाठोपाठ सन 1934 मध्ये उसास किमान भाव ठरवून देण्याचा कायदा झाला. कारखान्यास दिलेले संरक्षण शेतापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी तेव्हा सरकारने मान्य केली होती. पुढे ब्राझीलने सन 2002 मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध दावा लावला, तो सन 2005 मध्ये अपिलातही जिंकला, आणि सन 2014 मध्ये 30 कोटी डॉलर घेऊन मिटविला. कापूस पिकविणारा देश आकडे घेऊन उभा राहिला तर बलाढ्य प्रतिपक्षासही तडजोड करावी लागते, हे त्यावरून दिसते.

तेव्हा आमची मागणी एक, आणि सभासदांस विनंती एक. मागणी ही की, कपाशीपासून रुई हा एकच अखंड धंदा मानून चौकशीत कास्तकारास उत्पादकाचे स्थान कायद्याने स्पष्टपणे द्यावे. आणि जकात माफ करावयाची झाल्यास तिचा निर्णय पेरणीपूर्वी जाहीर करावा.

विनंती अशी की, प्रत्येकाने एक वही घालावी. बियाणे, खत, फवारणी, निंदण व वेचणीची मजुरी, गाडीभाडे हा खर्च तारीखवार लिहावा; काटापट्टी व हिशेबपट्टी फेकून न देता वहीत डकवावी; सातबाऱ्यावर पिकाची नोंद बरोबर आहे किंवा नाही ते पाहावे; आणि कापूस नाकारला गेल्यास त्याचे कारण व त्या दिवशी मिळालेला भाव टिपावा. एका वहीने चौकशी उभी राहत नाही. परंतु गावोगावच्या वह्या एकत्र झाल्या म्हणजे त्यांस पुराव्याचे रूप येते. नियमांत अशीही तरतूद आहे की, पुरेशी माहिती हाती आल्यास महासंचालनालय अर्जावाचूनही आपण होऊन चौकशी सुरू करू शकते. ती माहिती आपल्याखेरीज दुसरा कोण देणार?

गिरणीच्या दाराशी हिशेबनीस बसलेला असतो. कास्तकाराच्या ओसरीवर तो नाही, म्हणून कास्तकाराची हानी हानी ठरत नाही. येत्या वेचणीपासून ही उणीव दूर करणे आपल्याच हाती आहे.