परदेशी भाडेकरू आणि घरमालक

नंदुरबारमध्ये परदेशी पाहुण्याला खोली भाड्याने दिली की घरमालकाचे २४ तास सुरू होतात. तेवढ्या वेळात पाहुण्याची माहिती ऑनलाइन भरायची. हाच पूर्वीपासून ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखला जातो. पासपोर्ट, व्हिसा समोर ठेवून क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवा. पोलीस ठाण्यात दिलेला भाडेकरार सी फॉर्मची जागा घेत नाही. घरमालक इथेच फसू शकतात.

१८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याची स्वतःची जबाबदारी वेगळी: साधारणपणे भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. अक्कलकुवा, धडगावहून तिथे खेटे घालण्यापेक्षा आधी ऑनलाइन अर्ज करावा. घर बदलले तर नवा पत्ताही कळवायचा.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याऐवजी नवा कायदा लागू आहे. घरमालकांनो, भरलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेवा.