लोकरीच्या गठ्ठ्यावरची भाषा

लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सभापती खुर्चीवर बसत नाहीत, लोकरीच्या गठ्ठ्यावर बसतात. लाल कापडाने मढवलेल्या या भल्यामोठ्या गादीला ‘वूलसॅक’ म्हणतात. देशाची दौलत कशावर उभी आहे हे सभागृहाच्या डोळ्यांसमोर राहावे, म्हणून 14व्या शतकात तिसऱ्या एडवर्ड राजाच्या काळात ती तिथे आणली गेली, असे मानतात. 1938 मध्ये तिची दुरुस्ती काढली तेव्हा आत घोड्याचे केस भरलेले निघाले. मग ब्रिटनमधून आणि राष्ट्रकुलातल्या देशांमधून लोकर मागवून ती पुन्हा भरण्यात आली.

इंग्लंडचे लोकरीशी असलेले नाते सक्तीचेही होते. मेलेल्या माणसाला लोकरीच्याच कफनात पुरावे, असा कायदा तिथे 1666 मध्ये झाला आणि पुढे तो आणखी कडक करण्यात आला. मोडणाऱ्याला 5 पौंड दंड. हा कायदा रद्द व्हायला 1814 साल उजाडले. ज्या देशात मढ्यालाही लोकर चुकली नाही, तिथल्या भाषेत लोकर, सूत, चाती आणि माग यांचे शब्द पावलोपावली भेटावेत यात नवल नाही. मला मात्र या शब्दांच्या जन्मापेक्षा त्यांच्या पुढच्या नशिबात अधिक रस आहे. काम करणाऱ्यांनी आपल्या कामाला दिलेले साधे नाव काम न करणाऱ्यांच्या तोंडी गेले की त्याचे काय होते, ते या शब्दांत फार स्पष्ट दिसते.

सुरुवात एका सुखरूप राहिलेल्या शब्दापासून करू. निकालाची वाट पाहताना जीव टांगणीला लागतो, तेव्हा इंग्रजीत ‘ऑन टेंटरहुक्स’ म्हणतात. विणलेले लोकरी कापड मागावरून निघाले की तेलकट आणि विरळ असे. ते घट्ट आणि दाट व्हावे म्हणून शिळे मूत्र आणि एक विशिष्ट माती घालून ते पाण्यात तुडवीत किंवा पाणचक्कीवरच्या लाकडी हातोड्यांनी कांडीत. या कामात कापड आटे आणि वेडेवाकडे होई. ते सरळ वाळावे म्हणून उघड्या माळावर लांबच लांब लाकडी चौकटी उभ्या केलेल्या असत. या चौकटी म्हणजे टेंटर. त्यांच्यावर काटकोनात वळवलेले खिळे ठोकलेले असत आणि कापडाचे काठ त्या खिळ्यांत अडकवून ताणून ठेवीत. ओले कापड वाळताना आटू पाहते आणि खिळे ते सोडत नाहीत. वाट पाहणाऱ्या माणसाची अवस्था याहून नेमकी सांगता येणार नाही. ज्याने हा वाक्प्रयोग पहिल्यांदा केला त्याने तो ताण रोज पाहिलेला असणार. आज बहुतेकांना टेंटर म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यामुळे काहीजण ‘टेंडरहुक्स’ म्हणतात. लंडनमध्ये आणि इतर काही गावांत मात्र रस्त्यांच्या नावांत ती माळराने अजून टिकून आहेत.

कापड तुडवण्याच्या त्याच कामाने इंग्रजांना तीन आडनावे दिली. कुठे तुडवणाऱ्याला फुलर म्हणत, कुठे टकर, तर कुठे वॉकर. वॉकर म्हणजे पायी चालणारा वाटसरू नव्हे. दिवसभर ओल्या कापडावर चालणारा कामगार. वेब, वेबस्टर आणि वीव्हर ही विणकरांची आडनावे, डायर आणि लिस्टर रंगाऱ्यांची. आपल्याकडे साळी, कोष्टी, रंगारी ही नावे जशी धंद्यातून आली, तशीच ही.

वेबस्टरमधला शेवटचा ‘स्टर’ जुन्या इंग्रजीत काम करणाऱ्या बाईचा प्रत्यय होता. वेबस्टर म्हणजे विणणारी, आणि स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी. 14व्या शतकात हा शब्द निव्वळ व्यवसायाचा होता. चरख्याच्या काळात एका विणकराचा माग चालता ठेवायला कितीतरी कातणाऱ्या लागत. लग्न न झालेल्या मुलीला, वडील गेलेल्या बहिणीला, स्वतःच्या हातांवर जगता येईल असे जे थोडे काम होते त्यात हे मुख्य होते. कागदोपत्री बाईच्या नावापुढे तिचा धंदा लिहिण्याची रीत होती, आणि अविवाहित बायकांपुढे ‘स्पिन्स्टर’ इतक्या वेळा लिहिले गेले की 17व्या शतकात तो शब्द अविवाहितपणाचीच कायदेशीर संज्ञा झाला. मग त्यात कीव आली, चेष्टा आली, आणि कातणे साफ विसरले गेले. जी स्वतः कमावत होती तिच्या धंद्याचे नाव कोणी पदरात न घेतलेल्या बाईसाठी वापरले जाऊ लागले. मला हा या भाषेने केलेला मोठा अन्याय वाटतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये विवाहनोंदणीच्या कागदांवरून हा शब्द 2005 मध्ये निघाला. अविवाहित पुरुषासाठीचा ‘बॅचलर’ त्याच वेळी कागदावरून गेला खरा, पण बोलण्यात त्याचा तोरा तसाच आहे.

‘वूल-गॅदरिंग’चे नशीबही असेच. मेंढ्या कुंपणांना, काटेरी झुडपांना घासून जात, तेव्हा लोकरीचे पुंजके तिथे अडकून राहत. गरीब बायका-पोरे रानोमाळ फिरून ते वेचीत. लांबून पाहणाऱ्याला ही माणसे दिशाहीन भटकताना दिसत. 16व्या शतकातच या शब्दाचा अर्थ ‘तंद्रीत असणे, मन भलतीकडे भरकटणे’ असा झाला होता. वेचणारीचे मन मात्र अजिबात भरकटलेले नसणार; सरवा वेचणाऱ्या बाईची नजर कुठे असते हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगता येईल.

सभेत वक्त्याला अडवून प्रश्न विचारणारा तो ‘हेकलर’. मुळात हेकल म्हणजे पोलादी दात्यांची फणी. जवसाच्या झाडाचे तंतू तिच्यातून ओढून विंचरले की गुंता आणि काडीकचरा निघून जाई, आणि मग त्याचे लिनन होई. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले हे विंचरणारे कामगार संघटित आणि जहाल विचारांचे म्हणून ओळखले जात. बाकीचे काम करीत असताना एकजण मोठ्याने वर्तमानपत्र वाची आणि त्यावर कडाक्याचे वाद रंगत, असे त्यांच्याविषयी सांगतात. उमेदवाराला प्रश्नांच्या फणीतून ओढण्याचा अर्थ स्कॉटलंडमध्येच रुजला. आज हेकलर म्हणजे आरडाओरडा करून कार्यक्रम बिघडवणारा. गुंता सोडवणारी फणी त्या अर्थातून गळाली. मराठीने अशाच कामाचा शब्द अधिक सन्मानाने वापरला आहे: संशोधक जुनी दप्तरे पिंजून काढतो आणि पोलीस परिसर पिंजून काढतात, तेव्हा पिंजाऱ्याची मेहनत त्या शब्दात शाबूत असते.

तपासाचा विषय निघालाच आहे तर ‘क्लू’. हा शब्द मूळचा सुताच्या गुंडीचा. ग्रीक कथेत एरियाडनीने थीसियसला चक्रव्यूहातून परत येता यावे म्हणून सुताची गुंडी दिली. त्या कथेमुळे गुंडी हाच वाट दाखवणारा पुरावा ठरला. आपण गुन्ह्याचे ‘धागेदोरे’ म्हणतो. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी पोचल्या. असे जुळलेले पाहून कोणालाही आनंद व्हावा, पण सावधही राहावे लागते. ‘सूतोवाच’ ऐकून कोणी चरख्याकडे धावेल. तिथला सूत मात्र पुराणे सांगणारा आहे.

भडक पण हलक्या वस्तूला ‘टॉड्री’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मागे एक साध्वी उभी आहे. एथेलथ्रिथ, लोकांच्या तोंडी ऑड्री, हिने 7व्या शतकात ईली इथे मठ स्थापला आणि ती 679 मध्ये गेली. तिच्या गळ्याला गाठ आली होती. तरुणपणी हौसेने घातलेल्या कंठ्यांची ही शिक्षा, असे ती मानी, हे बीड नावाच्या इंग्रज धर्मगुरूने लिहिलेल्या इतिहासात नोंदलेले आहे. ईलीच्या जत्रेत तिच्या नावाने गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकल्या जात. सेंट ऑड्रीची फीत म्हणता म्हणता ‘टॉड्री’ उरले आणि तिच्या विरक्तीच्या नेमके उलट झाले.

भारतीय कापडांनीही या शब्दसंग्रहात मोठी भर घातली. मुंबईच्या डोंगरीच्या नावाने ओळखले जाणारे जाडेभरडे कापड 17व्या शतकातच इंग्रजांच्या नोंदींत शिरले. पुढे ते खलाशांच्या आणि कामगारांच्या अंगावर गेले. आज इंग्लंडमधली लहान मुले खांद्यावर पट्टे असलेली ‘डंगरी’ घालतात. कालिकतचे ‘कॅलिको’ आणि छापील छिटाचे ‘चिंट्झ’ तर इतके लोकप्रिय झाले की लोकरीच्या विणकरांची पोटे खपाटीला गेली. 1719 मध्ये लंडनच्या विणकरांनी रस्त्यात बायकांच्या अंगावरचे कॅलिकोचे कपडे फाडले. 1721 मध्ये संसदेने छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आणली. ज्याच्यासाठी दंगली झाल्या त्याच छिटाच्या स्वस्त नकला नंतर घरोघरी पोचल्या, आणि 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘चिंट्झी’ हे नाक मुरडण्याचे विशेषण तयार झाले. आपल्या रंगाऱ्यांच्या पक्क्या रंगांना या निंदेत काहीच वाटा नव्हता.

आता ‘शॉडी’. इंग्रजी वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ येतो: गचाळ, कामचलाऊ. यॉर्कशरमधल्या बॅटली गावी 1813च्या सुमारास बेंजामिन लॉ याने जुनी लोकरी वस्त्रे फाडून, पिंजून, त्यांत नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढण्याची पद्धत बसवली. त्या सुताचे आणि कापडाचे नाव शॉडी. फेकायच्या चिंध्यांतून गरिबाच्या अंगावर ऊब आली. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, गणवेशांची घाई झाली, आणि काही कंत्राटदारांनी या सुताचे निकृष्ट कापड करून सैन्याच्या माथी मारले. गणवेश अंगावर विरू लागले. संताप कंत्राटदारांवर होता, पण डाग कापडाच्या नावाला लागला आणि तो पुन्हा निघाला नाही.

एका ठिकाणी मात्र तो लागलाच नाही. मराठी माणूस ज्या गावाचे नाव पराभवासाठी वापरतो त्या पानिपतात आज जुन्या कापडांपासून सूत काढण्याचा प्रचंड धंदा आहे. पाश्चात्त्य देशांत टाकून दिलेले स्वेटर आणि कोट जहाजाने कांडला बंदरात उतरतात आणि तिथून पानिपतला जातात. बायका त्यांची बटणे, चेन आणि लेबले काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, मग यंत्रे ते फाडून पिंजतात. रंग आधीच असल्यामुळे बहुतेक माल पुन्हा रंगवावाही लागत नाही. त्यातून निघणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांचा मोठा भाग आपत्तीनंतरच्या मदतकार्यासाठी विकत घेतला जातो. तिथे शॉडी हा मालाचा प्रकार आहे. शॉडीचे सूत, शॉडीची गिरणी, शॉडीचा व्यापारी असे लोक सरळ म्हणतात, भाव विचारतात आणि माल उचलतात.